इद्दत आणि मुदत

जनाज्याची नमाज उभी राहण्याआधी आमच्या मोहल्ल्यात मयताचा मुलगा नाहीतर भाऊ पुढे येऊन दोन शब्द बोलतो. मरहूमकडे कुणाचं कर्ज, उसनं, अमानत राहिली असेल तर आम्हाला येऊन सांगा, नाहीतर अल्लाहच्या वास्ते माफ करा. फार चांगला रिवाज आहे. मेलेल्या माणसाच्या मानेवर कुणाचा हक्क राहू नये, याची काळजी त्याला मातीत ठेवण्याआधी घेतली जाते. याच्या उलटा प्रश्न मात्र मी आजवर कुणाला विचारताना ऐकलेलं नाही: मरहूमचं कुणाकडे काही येणं आहे का?

म्हातारपणाने, आजाराने गेलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न महिन्याभराने विचारला तरी चालतो. पण जो रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीखाली गेला, त्याच्या बायकामुलांचं येणं त्याच दिवशी निघालेलं असतं. गाडी चालवणाऱ्याकडे, गाडीच्या मालकाकडे आणि मालकाच्या वतीने विमा कंपनीकडे. आणि ते मागायचे दिवस मोजायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात होते. मोटार वाहन कायदा १९८८ चं आहे. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ चं पोटकलम ३ लागू झालं. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने तो विचारातच घ्यायचा नाही, असं ते सांगतं. उशीर का झाला, ते ऐकून घेण्याची सोय त्या पोटकलमात ठेवलेली नाही.

सहा महिने म्हटलं की पुष्कळ वाटतात. आता नवरा गेलेल्या मुसलमान बाईच्या घरात बसून ते मोजून बघा. सूरह बकरामध्ये बेवेची इद्दत सांगितली आहे ती चार महिने दहा दिवसांची. पोटात बाळ असेल तर बाळंत होईपर्यंत. म्हणजे सहापैकी चार महिने आधीच गेले. उरले पावणेदोन.

हा हिशेब मी पुस्तकातून केलेला नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी, दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेली, सोलापूर-धुळे महामार्गाला लागून असलेल्या एका गावात दिलेली. ९ फेब्रुवारी २०२३ ला तिचा नवरा दुकान बंद करून मोटारसायकलवर घरी येत होता. मागून टेम्पोने उडवलं. रजबची १७ तारीख होती, हे घरात सगळ्यांना पाठ. इंग्रजी तारीख विचारली की कागद शोधावा लागायचा. महिन्याच्या मध्येच मौत झाली तर चार महिने दहा दिवसांचे सरळ १३० दिवस धरतात, त्याप्रमाणे तिची इद्दत १९ जूनला पुरी होणार होती. अर्जाची मुदत ९ ऑगस्टला संपणार होती. मध्ये ५१ दिवस. त्यात बकरी ईद, मुहर्रम, मुलांची शाळा सुरू होणं, आणि घरातल्या कर्त्या माणसाशिवाय पहिल्यांदाच उभं राहायला शिकणं.

मी पुरसा द्यायला गेले तेव्हा रमजान सुरू होता. कपाटाच्या मागे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद कोंबलेले होते. फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला. ती म्हणाली, "टीचर, पढ के बोलो क्या लिखे सो." शाळेत हिला चांगले मार्क पडत होते. पण धड्यातली मराठी आणि पंचनाम्यातली मराठी ह्या दोन वेगळ्या भाषा आहेत, हे आम्ही शिक्षक कधी कबूल करत नाही. 'सदर इसम', 'नमूद वाहन', 'समक्ष', 'हयगयीने व निष्काळजीपणे'. ज्या कागदावर तिच्या नवऱ्याचा मृत्यू लिहिला होता त्यातली निम्मी वाक्यं तिला परकी होती.

गंमत अशी की ह्या साऱ्या कारभाराचं लाकूडसामान आमच्याच घरून गेलेलं आहे. फिर्याद, पंचनाम्यातला नामा, दावा, अर्ज, वकील, मुद्दा, तारीख, हक्क, नुकसान, जामीन, कैफियत: सगळे अरबी-फारसीतून मराठीच्या कचेरीत येऊन बसलेले शब्द. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातले फारसी शब्द बदलून संस्कृत आणले गेले, पण कोर्टाच्या पायऱ्यांवर हेच टिकले. 'मुदत' त्यातलाच. मूळ अरबी मुद्दत. मीम-दाल-दाल ह्या धातूचा, ताणणे, लांबवणे. उर्दूच्या पहिल्या इयत्तेत अलिफच्या डोक्यावर जी मद्द काढतात, तीही त्याच धातूची, आवाज लांबवायला सांगणारी. आणि 'मदद' सुद्धा त्यातूनच आलेला. म्हणजे मुदत आणि मदत सख्ख्या बहिणी आहेत. कायद्याने त्यांच्यात वाटणी करून टाकली ती गोष्ट वेगळी.

'इद्दत' हा शब्द मात्र दुसऱ्या घरचा. ऐन-दाल-दाल. मोजणे. अदद, तादाद त्याच कुळातले.

तर तिचे सासरे. सज्जन माणूस, बोलायला मऊ. म्हणाले, "टीचर, इद्दत होऊ द्या. इद्दतमध्ये तिला कोर्ट-कचेरी कशी दाखवायची? लोक काय म्हणतील?" त्यांच्या बोलण्यात आणखी एक राग होता, तो नंतर कळला. जियारतीच्या दिवशीच, म्हणजे मौतीच्या तिसऱ्याच दिवशी, एक माणूस दारात येऊन उभा राहिला होता. कुणा वकिलाचं कार्ड, हातात कोरा वकीलपत्राचा फॉर्म, आणि निम्मे तुमचे निम्मे आमचे अशी भाषा. पोरांनी त्याला हाकलून दिला. बरोबरच केलं. पण त्या माणसाबरोबर त्यांनी दाव्यालाही हाकलून दिलं, आणि घरात एक समजूत बसली की हे असले पैसे मागणं म्हणजे मयताचा सौदा करणं.

ही समजूत एका घरातली नाही. मी ती अनेक ठिकाणी ऐकली आहे, शिकलेल्या लोकांकडूनही. कुणी म्हणतं मौत अल्लाहची मर्जी, कुणाला गाडीवाल्याला दोष का द्यायचा. कुणी म्हणतं विम्याचा पैसा हरामचा. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण सूरह निसाची ९२ वी आयत ज्याने तर्जुम्यासह वाचली आहे त्याला हे तर माहीत असायला हवं, की चुकून झालेल्या हत्येसाठीसुद्धा तिथे मयताच्या घरच्यांना दियत द्यायला सांगितली आहे. मौत अल्लाहच्याच मर्जीने आली, आणि तरी दियत द्यायची. दोन्ही गोष्टी एकाच किताबात आहेत. घरच्यांनी सदका म्हणून माफ केलं तर गोष्ट वेगळी, असंही तिथेच आहे. पण माफ करायला आधी आपलं येणं आहे हे माहीत असावं लागतं. मुदत उलटून जाऊ देणं ही काही माफी नव्हे. शिवाय माफ कोण करणार? विधवेचं विधवेने करावं. यतीम पोरांच्या वाट्याचं तर कुणी करू शकत नाही, आजोबासुद्धा नाही.

विम्याबद्दल एवढंच: अर्ज होतो तो चालक आणि मालकाविरुद्ध. रस्त्यावर गाडी आणायची तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा काढणं मालकाला कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून त्याच्या वतीने कंपनी भरते. जुन्या फिकहमध्ये चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या माणसावर न टाकता त्याच्या आकिलावर, म्हणजे भाऊबंद-जमातीवर, तीन वर्षांत विभागून टाकलेली आहे. दोन्ही व्यवस्था एक आहेत असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या चुकीचा भार अनेकांनी मिळून उचलायचा, ही कल्पना आपल्याला नवी नाही, इतकंच.

इद्दतचं मी आमच्या मौलानांना विचारलं. फोनवरच. त्यांनी एका दमात सांगितलं की नवरा गेलेल्या बाईला जरुरीच्या कामासाठी दिवसा घराबाहेर पडायची इजाजत आहे, रात्र तिने आपल्याच घरात काढावी. हनफींकडे ही गोष्ट साफ आहे, कोकणातले आमचे शाफई भाऊसुद्धा दिवसाच्या जरुरीला मनाई करत नाहीत. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर यांच्या मावशीची हकिकत आहे. त्या तलाकच्या इद्दतमध्ये होत्या, खजूर तोडायला निघाल्या, तेव्हा कुणीतरी दटावलं. हुजूरांनी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) त्यांना खजूर तोडायला जाऊ दिलं. मौलाना पुढे म्हणाले, "औरत दवाखान्यात जाते तेव्हा कोणी मला विचारत नाही. हक्काचा कागद म्हटला की सगळ्यांना मसला आठवतो." हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने इथे लिहीत आहे.

खरं तर तिला बाहेर पडायची वेळच फारशी आली नाही. वकीलपत्रावर सही घ्यायला वकिलांच्या कारकूनबाई घरी आल्या. हे वकील आम्हाला तालुका विधी सेवा समितीकडून मिळाले. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती आहे हे न बघता. ही गोष्ट मोहल्ल्यात दहाजणींना विचारलीत तर एकीलाही ठाऊक नसते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, इद्दतचे काही दिवस अजून बाकी असतानाच, अर्ज दाखल झाला. सासरे स्वतः सोबत गेले होते. निकाल लागायला दोन वर्षं गेली. रक्कम मी सांगणार नाही, कारण ती सांगितली की लोक पुढचं वाचत नाहीत. मुलांच्या वाट्याचे पैसे न्यायाधिकरणाने मुदत ठेवीत ठेवायला सांगितले. पुन्हा मुदत! त्यावरच्या व्याजाचं काय करायचं, हा घरातला नवा वाद आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

मरणाऱ्यांपेक्षा मला जास्त काळजी जखमी होऊन उरलेल्यांची वाटते. मयताच्या घरी निदान चार माणसं येऊन विचारतात. हातपाय मोडलेला माणूस उपचारात गुंततो आणि त्याला वाटतं, आधी बरे होऊ, मग बघू.

आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीतला एक फर्निचर करणारा. ५ एप्रिल २०२४, रमजानचा शेवटचा जुम्मा. नमाजहून परतताना जीपने ठोकरलं, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत पट्टी टाकली. डॉक्टर म्हणाले वर्षभराने पट्टी काढू, तेव्हा किती टक्के अपंगत्व राहिलं ते लिहून देऊ. त्याने हिशेब केला: टक्केवारीचं सर्टिफिकेट आलं की अर्ज करायचा, म्हणजे नुकसान नेमकं किती ते सांगता येईल. सुताराचा हिशेब. माप घेतल्याशिवाय करवत लावायची नाही. शहाणपणाचाच होता तो. मार्च २०२५ मध्ये तो वकिलाकडे गेला तेव्हा वकिलाने तारीख बघून कागद परत दिले. मुदत ५ ऑक्टोबरलाच संपली होती.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं की अर्ज आधी करता येतो आणि अपंगत्वाचा दाखला मागाहून दाखल करता येतो. दुसरंही एक होतं. तो दवाखान्यात असल्यामुळे फिर्याद चार दिवस उशिरा लिहिली गेली. त्याला वाटत होतं की मुदत फिर्यादीच्या तारखेपासून मोजतात. मोजतात अपघाताच्या तारखेपासून. चार दिवसांनी त्याला तसा फरक पडला नसता, पण शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्या माणसाचा ह्या चार दिवसांत घात होऊ शकतो. आणि हो, महिने इंग्रजी. मुदतीच्या कायद्यात कलम आहे की कागदावरच्या तारखा ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणेच धरायच्या. आमच्या घरांत मौत, जन्म, लग्न सगळं चांदावर लक्षात राहतं. चांदाचे सहा महिने इंग्रजी सहा महिन्यांपेक्षा चारपाच दिवस आधी संपतात, तेव्हा तिकडून चूक झाली तर ती सावध बाजूची. तरी इंग्रजी तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

मुदत असूच नये असं माझं म्हणणं नाही. दहा वर्षांनी कुणी उठून म्हणावं की अमक्या गाडीने मला उडवलं, तर गाडीवाल्याने पुरावा कुठून आणायचा? साक्षीदार विसरतात, मरतात, गाव सोडतात. विमा कंपन्यांची तक्रार असते की उशिराच्या दाव्यांत गाडीच बदललेली असते, आणि असे खोटे दावे होतात हे मी नाकारत नाही. पण सहा महिने? भारताचा मुदतीचा कायदा १९६३ चा. त्यात हातउसने दिलेले पैसे वसूल करायला तीन वर्षं आहेत. घर-जमिनीचा ताबा मागायला १२ वर्षं. दावा सरकारचा असेल तर साधारण ३० वर्षं. शेताच्या बांधाला बारा वर्षं थांबता येतं, सरकारला तीस वर्षं, आणि सुताराच्या मांडीच्या हाडाला सहा महिने. हे माप कोणत्या दुकानातलं आहे?

ते नेहमी असंच होतं असंही नाही. १९३९ च्या जुन्या मोटार कायद्यातही सहा महिन्यांची अट होती, पण योग्य कारण दाखवलं तर उशीर माफ करता येत होता. १९८८ च्या कायद्यात सहा महिने आले आणि उशीर माफ करायचा तो बारा महिन्यांपर्यंतच, असं ठरलं. मग १९९४ ची दुरुस्ती झाली आणि ती अट पूर्णपणे काढून टाकली. गरीब, अडाणी लोक मुदतीपायी भरपाईला मुकतात, हे तेव्हा संसदेच्या ध्यानात आलं होतं. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं अपघातग्रस्ताला मुदतीची आडकाठी नव्हती. २०२२ पासून ती परत आली, आणि या वेळी माफीची खिडकी न ठेवता आली. ह्या अटीला आव्हान देणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आहे की तो निकाल लागेपर्यंत न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी केवळ ह्या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. अंतरिम हा शब्द लक्षात ठेवा. ह्या आदेशाच्या भरवशावर निवांत बसण्यासारखं काही नाही. ज्याची मुदत अजून शिल्लक आहे त्याने मुदतीतच जावं.

एक रस्ता पोलिसांच्या हातून जातो, आणि तो लोकांना जवळजवळ माहीत नाही. नव्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि न्यायाधिकरणाने तो अहवालच भरपाईचा अर्ज समजायचा असतो. कलम १६६, पोटकलम ४. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमलात आणा म्हणून देशभरच्या पोलिसांना बजावलं. हे खरोखर होत राहिलं तर अनपढ बेवेला मुदत मोजत बसावी लागणार नाही, कारण तिच्या वतीने ती आधीच पाळली गेलेली असेल. म्हणून पोलीस ठाण्यात जाल तेव्हा फक्त फिर्यादीची नक्कल मागू नका. सविस्तर अपघात अहवाल कोर्टाला गेला का, कोणत्या तारखेला गेला, हे विचारा आणि लिहून घ्या.

अर्ज कुठे करायचा यावरूनही घोळ होतो. मुंबई-पुण्याहून येताना वाटेत कुठेतरी अपघात झालेला असतो आणि घरच्यांना वाटतं तिकडच्याच कोर्टात खेटे घालावे लागतील. तसं नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. विधवा माहेरी येऊन राहिली असेल तर माहेरच्या जिल्ह्यात. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी हात हलवत बसायचं नाही. अशा अपघातांसाठी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये देणारी केंद्राची वेगळी योजना आहे.

बाकीच्या मुदती भराभर सांगते. रेल्वेतून पडून जखमी झालात किंवा माणूस गेला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात एक वर्ष. तिथे योग्य कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. कामावर असताना अपघात झाला तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली दोन वर्षं. आमच्या यंत्रमागवाल्यांनी आणि बांधकामावर जाणाऱ्या पोरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. डॉक्टरच्या हलगर्जीपणाची तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यायची तर दोन वर्षं, तिथेही कारण ऐकून घेतात. साधा दिवाणी दावा, म्हणजे कुणाच्या उघड्या खड्ड्यात पडलात, कुणाची भिंत अंगावर आली, तर जखमीला तीन वर्षं. माणूस मेला तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली वारसांना दोनच. दिवाणी दाव्यात उशीर माफ होत नाही, ती सोय अपिलं आणि अर्जांना आहे. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशाने तो स्वतः बघून दावा फेटाळायचा असतो. मूल अज्ञान असेल तर त्याची मुदत अठरा वर्षं पुरी झाल्यावर सुरू होते. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दिलेला दावा मुदतीत धरतात.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला फार वेळ विचार करायला लावते. मुदत संपली की मेलं काय? हक्क की हक्काचा दरवाजा? आपला १९६३ चा कायदा म्हणतो की मालमत्तेच्या ताब्याचा दावा मुदतीत केला नाही तर हक्कही संपतो. पण बाकीच्या बाबतीत कोर्टाचा दरवाजा तेवढा बंद होतो, हक्क जिथल्या तिथे असतो. मुदतबाह्य झालेलं कर्ज ऋणकोने आपणहून फेडलं तर ते दान ठरत नाही, कर्जफेडच ठरते. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवरून 'मजल्ला' नावाची संहिता तयार झाली. तिच्यातही नेमकी हीच मांडणी आहे: काळ लोटला म्हणून हक्क नष्ट होत नाही, पण काझीने दावा ऐकायचा तो साधारणपणे १५ वर्षांपर्यंतच. मुदत काझीच्या कानांना आहे, हक्काला नाही. हुकूकुल इबाद ज्याला म्हणतो तो माणसाचा माणसावरचा हक्क, आपण मानतो की कयामतीच्या दिवसापर्यंत उभा राहतो.

मग त्या जीपच्या मालकाचं काय? तो आमच्याच जमातीतला आहे, पाच वेळचा नमाजी. सहा महिने उलटल्याचं कळल्यावर त्याने सुताराला दोनदा सलाम केला, दवाखान्याचं बिल एकदाही विचारलं नाही. कोर्टाची मुदत संपली की आपणही सुटलो, असं त्याने कशावरून धरलं ते त्यालाच ठाऊक. मी हे मौलानांच्या कानावर घातलं आहे. जुम्म्याच्या बयानात नाव न घेता ते याच्यावर बोलले, असं घरच्यांकडून कळलं.

नोव्हेंबरच्या आदेशानंतर सुताराने वकिलाकडे पुन्हा चक्कर मारली आणि अर्ज दाखल झाला. त्याला नंबरही पडला. कंपनीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा घेतला आहे आणि त्यावर अर्जदाराचं 'म्हणणं' मागितलं आहे. परवा तो शाळेच्या फाटकाशी काठी टेकून उभा होता. "टीचर, म्हणणं म्हणजे काय लिहून द्यायचं असतं?" मी सांगितलं, ते वकील लिहितील. तुम्ही फक्त दवाखान्याच्या सगळ्या तारखा, भरती कधी, ऑपरेशन कधी, पट्टी कधी काढली, घरी किती महिने अंथरुणावर, एका कागदावर ओळीने उतरवून आणा. उर्दूत लिहिल्या तरी चालतील, मराठी मी करून देते.